काउंटरखालची झटापट

पाना-मावशीने भर दुकानात आपल्या विहिणीचा हात पिरगाळला, अशी कुजबुज आमच्या रस्त्यावर बरेच दिवस चालली होती. न्हाव्याच्या दुकानात तो हात नुसता मुरगळला होता, शिंप्याकडे पोहोचेपर्यंत मोडला, आणि औषधांच्या दुकानात तर त्याला प्लास्टरसुद्धा चढलं.

मावशी कॉफीची मशीनं दुरुस्त करते. हॉटेलांतली, कचेऱ्यांतली, ती मोठी, दोन-दोन तोट्यांची. खांद्याला पिशवी, पिशवीत नट पिळायचे पाने, रबरी वायसर आणि एक झिजलेला टूथब्रश. जीभ मात्र अजिबात झिजलेली नाही. "बाहेरून आरशासारखं पुसता, आणि आत क्षाराचे थर!" असं मालकाच्या तोंडावर सांगते. मालक निमूट ऐकून घेतात, कारण तिचा हात लागला की मशीन कुरकुरत नाही. तिचा नवरा म्हणतो, "मी घोरायला लागलो की ही झोपेत माझा वायसर शोधते."

लेकीने लग्न ठरवलं ते नेमकं कॉफीच्या दुकानवाल्याशी. म्हणजे विहीणच गिऱ्हाईक! मावशीची सगळी ऐट त्या दाराबाहेर राहायची. लेक त्याच घरात आणि त्याच गल्ल्यावर. मशीन बिघडलं तर बोल कुणाला लागणार, हे काय सांगायला हवं?

एकदा तिने स्क्रू फिरवून तिथल्या पंपाचा दाब जरासा उतरवला. दाब जास्त असल्याने कॉफी कडवट येत होती आणि वायसर लवकर जात होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन.

"आई, मशीन किंचाळतंय गं. सासूबाई म्हणतायत, तू काल स्क्रू पिळलास म्हणून झालं."

मावशी पोहोचली ती घामाघूम. दुकान भरलेलं. आधी तिने मशीनची वीज बंद केली.

"आमचं बरं चाललं होतं हो, तुम्ही हात लावेपर्यंत," विहीणबाई म्हणाल्या, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

मावशीने उत्तराऐवजी पिशवीतून पाना काढला. तिच्याही मनात तेच होतं. स्क्रू जास्त तर फिरला नाही? आता लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार? तिने दाबाचा काटा पाहिला, नळी चाचपली. नळीत पाणीच नव्हतं. पंप कोरडाच ओरडत होता.

"विहीणबाई, पाण्याचा नळ कुठाय?"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी दुकान बंद करताना फरशी ओली दिसली म्हणून त्यांनीच काउंटरखालचा नळ बंद केला होता, आणि सकाळी तसंच मशीन चालू केलं होतं. "मी बघते ना," म्हणत त्या नळ उघडायला चटकन खाली वाकल्या. मावशीही वाकली आणि तिने त्यांचं मनगट गच्च धरलं.

"सोडा!"

"नाही सोडत," मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "आतली पाणी उकळणारी कॉईल तापून लाल झाली असेल. आत्ता गार पाणी गेलं तर तडकेल."

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. मशीन निवेपर्यंत आपण दोघी इथेच."

दोघी फरशीवर बसून राहिल्या. गिऱ्हाइकांना वरून फक्त दोन अंबाडे दिसत होते. लेक सगळ्यांना थंड दूध देत सुटली.

मशीन निवलं. मावशीने नळ उघडला आणि वीज सुरू केली. मशीन दोनदा खोकलं आणि पाणी भरू लागलं. जास्त तापल्यावर वीज तोडणारं आतलं छोटं बटण तिने पुन्हा दाबलं. मशीन गरम झालं, लेकीने पहिला कप लावला, आणि पंपाचा काटा काल ठेवला होता तिथेच जाऊन थांबला. स्क्रू निर्दोष! कॉईल शाबूत! मावशीने असा सुस्कारा सोडला की वाफेची तोटीही लाजली असती. तो कप तिने उभ्यानेच संपवला.

"निस्तरलं," एवढंच ती मोठ्याने म्हणाली. नळ बंद होता, हे तिने तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. लेकीला त्या घरात सुखाने नांदायचं होतं.

हात पिरगाळल्याची बातमी विहीणबाईंनी स्वतःच पसरवली होती. दोघी खाली का बसल्या होत्या, असं लोक विचारत होते, आणि आपणच नळ बंद ठेवल्याचं त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं.