मत नसलेल्यांचं भांडण

इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या आमच्या कॉफीशॉपमध्ये ट्रे ज्याचा त्याने परत नेऊन ठेवायचा, असा नियम आहे. कप जातात, बशा जातात. किस्से मात्र टेबलावरच राहतात. वीस वर्षं दर रविवारी सकाळी तिथे बसतोय, म्हणजे ढीग केवढा झाला असेल बघा. त्यातले मतदानाचे तेवढे सांगतो.

आम्ही चौघे. मी घाग. सातवी पास. जुरोंग आयलंडवर वेल्डर होतो आणि माझं वेल्डिंग कधी परत करावं लागलं नाही. लिमये बँकेत मोठे अधिकारी होते. वैद्य जहाज कंपनीत. आम्ही तिघे आता इथले नागरिक. चौथे सोमण पुण्याचे, मुलाकडे काही महिने राहायला येतात.

टेबल धरायचं काम लिमयांचं. इथे खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती खुर्ची तुमची. कोणी हात लावत नाही. लिमये सगळ्यांच्या आधी येऊन एका खुर्चीवर बसायचे आणि बाकी तीन खुर्च्यांवर तीन पाकिटं.

*

इथे मतदान सक्तीचं. मी नागरिक झालो आणि पहिल्या निवडणुकीला कडक इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. पण आमच्या भागात समोर कोणी उभंच राहिलं नाही. बिनविरोध!

पुढच्या वेळी पुन्हा शर्ट काढला. पुन्हा बिनविरोध.

तिसऱ्या वेळी लढत झाली, तेव्हा शर्ट पोटावर बसेना!

*

आमच्या गावी, कोकणात, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वडील ओटीवर येऊन एक नाव सांगत. घरातली अकरा मतं तिकडे. कोणी ‘का’ म्हणून विचारायचं नाही.

वडील गेल्यावर एकदा मी आईला सहज म्हटलं, "आपल्या घराचं मत कधी फुटलं नाही हं!"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते काय आत येऊन बघत होते?"

यंदा माझ्या नातीचं पहिलं मतदान. मी विचारलं, "कोणाला देणार?"

"आजोबा, सीक्रेट लाह!"

ते ‘लाह’ इथलं, पण आवाज थेट माझ्या आईचा.

*

आधी आमच्या टेबलावर तिकडच्या, मायदेशातल्या राजकारणाचं नाव नसे. लिमये म्हणायचे, "सगळे सारखेच हो, घाग!" आणि विषय संपायचा. मग हातात फोन आले. लिमये एका पक्षाचे झाले, मी दुसऱ्या. कधी झालो, ते मलाही सांगता येणार नाही. हे मला अजून कोडं आहे.

एकदा लिमयांनी एका उड्डाणपुलाचा फोटो दाखवला. "बघा, आमच्या लोकांनी बांधला!" मी माझा फोन काढला. तोच पूल, आणि खाली लिहिलेलं, निकृष्ट काम, तडे गेले. अर्धा तास आम्ही भांडलो.

वैद्यांनी दोन्ही फोन घेतले, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "पुलावरच्या पाटीवर चिनी अक्षरं आहेत."

दोन दिवस आम्ही दोघांनीही कोणाला काही पाठवलं नाही.

*

शेवटी वैद्यांनी मतदानच घेतलं. टेबलावर राजकारण बंद करायचं की नाही? गुप्त मतदान. चार चिठ्ठ्या, बिस्किटाचा रिकामा डबा. निकाल: बंद करा, चार विरुद्ध शून्य!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कॉफी ढवळली. सोमणांनी हवा कशी आहे ते सांगितलं. हवा इथे रोज तशीच असते.

वैद्य घरी पोचले तेव्हा दहाही वाजले नव्हते. बायकोने दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

पुढच्या रविवारी बंदी उठली. तिच्यावर मतदान कोणी मागितलं नाही.

*

आमच्यात तिकडे मत एकट्या सोमणांना. त्यामुळे आवाज त्यांचा सगळ्यांत मोठा. "हे मत द्यायचे दिवस आहेत, झोपायचे नव्हेत!" असं म्हणून टेबलावर मूठ आपटायचे.

पुण्यात मतदान होतं त्या दिवशी बघतो तर सोमण इमारतीखालच्या बाकावर, हातात टोस्ट.

"सोमण! तुम्ही इथे?"

"तिकडे ऊन फार हो!"

*

आता न हसण्याचा किस्सा. गेल्या वर्षी एका रविवारी मी आणि लिमये नेहमीसारखे तापलो. मी म्हटलं, "पासपोर्ट परत केलात तेव्हा देश आठवला नाही का?"

लिमये म्हणाले, "घाग, चार बुकं शिकला असतात तर हे बोलला नसतात."

वैद्यांनी सावरायला बघितलं. "अहो, पासपोर्ट दोघांनीही परत केलाय. तुमची दोघांची मिळून तिकडे मतं किती? शून्य!"

कोणी हसलं नाही. मी माझा ट्रे उचलला, जागेवर नेऊन ठेवला आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी गेलो, तर दोनच पाकिटं. माझ्या खुर्चीवर कोणी अनोळखी माणूस नूडल्स खात होता. मी आल्या पावली परत फिरलो. त्यानंतर कॉफी घरीच. सून कॉफी चांगली करते. पण वीस वर्षांची सवय होती, आणि चुकलं कोणाचं, याचा विचार रविवारीच जास्त येतो. पासपोर्टचं मी बोलायला नको होतं. पण आधी तोंड उघडणं मला जमणार नव्हतं.

*

यंदा इथली निवडणूक आली. मतदान केंद्र शाळेत. म्हाताऱ्यांची रांग वेगळी, बसायला खुर्च्या. मी बसलो आणि बाजूला बघितलं, तर लिमये. अकरा महिन्यांनी. काठी नवीन होती.

ड्युटीवरच्या मुलीने विचारलं, "अंकल, टुगेदर आह?"

"नो!" आम्ही दोघे एकदमच म्हणालो.

ती हसली. लिमये समोर बघत राहिले. मीही. त्यांचा नंबर आधी लागला, मग माझा. शिक्का मारला, चिठ्ठी पेटीत टाकली. बाहेर आलो तर लिमये दिसले नाहीत.

सुट्टीचा दिवस. पाय कॉफीशॉपकडेच वळले. तोबा गर्दी, एक टेबल रिकामं नाही. सोमण पुण्याला, वैद्य मुलीकडे. कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर लिमये एकटे बसले होते. समोरच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट.

मी हातात कप घेऊन खांबापाशी उभा राहिलो. तेवढ्यात एक चिनी बाई ट्रे घेऊन त्या खुर्चीपाशी गेली आणि पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाली, "अंकल, हिअर गॉट पीपल?"

लिमयांनी माझ्याकडे बघितलं नाही. काठी टेबलाला नीट टेकवली आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"येस. ऑपोझिशन."