दुसऱ्या गटाचा तास

रणवरे सरांनी माझा प्रबंध बिघडवला.

काल दुपारी सर गेले. त्यामुळे ही गोष्ट आता आपल्या बॅचच्या ग्रुपवर मलाच सांगावी लागेल.

आपल्या कळंबच्या शाळेत ते पीटी शिकवायचे. मी त्या तासाला झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचे.

"ए पहिला नंबर, ऊठ. मेंदूला पन रक्त लागतं, ते पळूनच जातं वर."

मी उठायचे नाही. ते रागवायचे नाहीत.

दहा वर्षांनी सर मला बारामतीत भेटले, रुग्णालयाच्या बाकावर. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊन गेले होते. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते.

मी दंतवैद्यकाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. अशाच रुग्णांवर माझा अभ्यास सुरू होता.

सर स्वतःच म्हणाले, "पोरांना छाती पुढं काढा म्हणायचो, आन माझ्या गालात तंबाखू. लिही त्यात."

अभ्यासात दोन गट होते. पहिल्या गटाला तोंड उघडण्याचा आणि चालण्याचा व्यायाम. दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचा सल्ला. तीन महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना.

तोंड किती उघडते ते मोजायचे. मग तीस मीटरवर दोन शंकू ठेवून रुग्ण सहा मिनिटांत किती चालतो, ते मोजायचे. त्या वेळी परीक्षकाने ठरलेली वाक्येच बोलायची असतात.

"आपण छान चालत आहात. पाच मिनिटे शिल्लक आहेत."

"एवढंच? जरा ओरड की गं!"

"सर, ओरडायची परवानगी नाही."

"म्हंजी हा नियम तुझ्यासाठीच काढलाय."

माझ्यासारख्या अबोल मुलीला ती चाचणी खरोखरच सोयीची होती.

सर पहिल्या गटात होते. व्यायामाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

तीन महिन्यांनी कळंबकडचे रुग्ण मोजमापाला आले. दुसऱ्या गटातले लोकही पूर्वीपेक्षा बरेच जास्त चालले. त्यांची तोंडेही जास्त उघडत होती.

आपलेच काही चुकले असे वाटून मी टेप घेऊन ते तीस मीटर पुन्हा मोजले. तीसच होते.

मग दुसऱ्या गटातल्या कमलमावशींना विचारले, "मावशी, घरी काही व्यायाम करता का?"

"घरी कुठला? शाळेच्या ग्राउंडवर करतो की समदी. सर शिट्टी मारत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळंबला गेले.

ग्राउंडच्या पायऱ्यांवर नऊ जण ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चवड. तोंड हळूहळू उघडण्यासाठी त्या वापरतात. सर आकडे मोजत होते. दोन्ही गट शेजारी शेजारी.

"सर, यातल्या निम्म्या लोकांना हा व्यायाम द्यायचा नव्हता."

"का? त्यांनी काय घोडं मारलंय?"

मी समजावले. तुलना नसेल, तर व्यायामाचा उपयोग होतो हे सिद्ध कसे करणार? कोणत्याही डॉक्टरने तो का मानावा?

सरांनी पूर्ण ऐकून घेतले. वर्गात मी कधी त्यांचे इतके ऐकले नव्हते.

"पटतंय," ते म्हणाले. "पर निम्म्यांना बसवून निम्म्यांनाच पळवायचं, असला तास मी कधी घेतला न्हाय गं."

मग आवाज उतरला. "तुझं लई नुकसान झालं का?"

"हो."

"मग उद्यापास्नं बंद करू?"

कमलमावशी तोंडात काड्या तशाच ठेवून माझ्याकडे बघत होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी दीड वर्षानंतर भाकरीचा तुकडा चावून खाल्ला होता. हे त्यांनी मला हातवारे करून सांगितले होते, कारण सांगताना त्यांना रडू येत होते.

मी "नको" म्हणाले.

बारामतीला परतताना मी एकच विचार करत होते. माझ्या तक्त्यात एक रकाना होता: 'अन्य व्यायाम केला का?' तिथे 'नाही' लिहिले असते, तर कुणालाच कळले नसते असे नाही. आकडे विचित्र दिसले असते. पण निभावले असते. पदवी वेळेवर मिळाली असती.

मी नऊही जणांपुढे 'होय' लिहिले आणि गाईड मॅडमच्या केबिनचे दार वाजवले.

मॅडम रागावल्या. रास्तच होते. नवे रुग्ण, नवी मोजमापे, परीक्षा पुढच्या सत्रात.

मी जायला निघाले, तेव्हा त्यांनी विचारले, "ते सर नेमकं काय म्हणाले?"

मी शब्दशः सांगितले.

मॅडमनी माझा तक्ता पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "या वेळी दुसऱ्या गटालाही व्यायाम देऊ. मोजमापं झाल्यावर, तीन महिन्यांनी. नीतिमत्ता समितीसाठी अर्ज लिहून आण."

सरांना फोन केला, तर ते इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला.

"उशिरा व्हईना, पर तास व्हतोय न्हवं!"

नवा अभ्यास काटेवाडी आणि इंदापूरच्या रुग्णांबरोबर सुरू झाला. इकडे सरांचा आजार मानेत परतला.

गेल्या आठवड्यात भेटायला गेले, तेव्हा त्यांना बोलायला कष्ट पडत होते. तरी विचारलेच.

"दुसऱ्या गटाचं कधी?"

"सोमवारी, सर. काटेवाडीला."

"मी न्हाय आलो तर ऑफ तास द्यायचा न्हाय."

आपल्या बॅचमधील ज्यांच्या खिशात अजून तंबाखूची पुडी आहे, त्यांनी मला मेसेज करावा. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा जात नसेल, तर आधी दाखवायला या. लाजू नका. लाजण्याच्या बाबतीत माझ्यापुढे कुणी नाही, आणि मीही आता बोलू लागले आहे.

आज सकाळी कळंबच्या ग्राउंडवर नऊही जण आले होते. आकडे कमलमावशींनी मोजले.

सोमवारी सकाळी सात वाजता काटेवाडीत दुसऱ्या गटाचा पहिला तास होईल. तो मी घेणार आहे.

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा तुम्हाला अखेरचा नमस्कार.