उसातली बिबटी

आमचे शेठ म्हणायचे, या जमिनीत आधी ऊस पिकायचा, आता बिबट्या पिकतो. सुरतेबाहेरच्या त्या शेतात त्यांनी ऊस मोडून झाडं वाढवली, बिबट्यांना आसरा दिला आणि पाहुण्यांना ते दाखवायला जीपगाड्या घेतल्या. एक मी चालवायचो. बायको तिथंच तण काढायची. त्याआधी आम्ही दोघं सुरतेतच पर्वत पाटियाजवळ कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, कामाला होतो. त्या खडखडाटात तिचे कान गेले ते गेलेच, पण ओठांवरून बोलणं ओळखायला आम्ही दोघंही शिकलो.

त्या सकाळी गाडीत पाहुणे होते. पाण्याच्या पाटापलीकडे बायको आमच्याकडे खांदा करून उभी होती आणि खुरप्याची माती झाडत होती. तिच्या मागच्या बाजूला, बिबट्यांच्या आडोशाला राखलेल्या उसाच्या पट्ट्याच्या कडेला बिबटी बसली होती, शेजारी पिल्लू. बायकोला काहीच ऐकू गेलं नव्हतं. ओरडलो किंवा गाडी सुरू केली तर पिल्लाची आई बिथरून थेट तिच्यावरच जाईल, एवढं मला कळत होतं. 

लूमवर हाका ऐकू येत नसत. कुणाला बोलवायचं तर त्याच्या पायाशी सुताची रिकामी बॉबिन फेकायची. सवयीनं मी पाण्याच्या बाटलीचं झाकण तिच्या पायाशी फेकलं, आणि फेकताक्षणी चूक कळली. खाली पडलेलं लगेच उचलायचं, हीसुद्धा लूमचीच सवय. ती खाली बसली. बसलेलं माणूस बिबट्याला सावज वाटतं. बिबटीनं मान खाली घेतली, खांदे वर आले.

"पेलां बेनने बाजुमां खसेडो ने, फोटो नथी आवतो," मागून एक पाहुणा कुजबुजला; फोटोत आडवी येते म्हणून तिला बाजूला सारायचं होतं त्याला. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

झाकण घेऊन तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले, "ऊभी राय. पयू नको. मांगे वाघ से." आमच्या बोलीत बिबट्याही वाघच; उभी राहा, पळू नको, एवढंच सांगितलं.

 ती उठली. सावकाश, ताठ, दोन्ही हात वर करून. बिबटी तिच्याकडे पाहत राहिली.  मग पिल्लू उसात शिरलं आणि त्याच्यामागून बिबटीही गेली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको पाट ओलांडून गाडीपाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे बसलेल्या पाहुण्यांकडे पाहत हळूच म्हणाली, "पाव्हना बठेल शेतस. रडू नका."

मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं.