मोटार मागून पाहणारा आप्पा

आप्पा मिस्त्रीने मला फसवले. एक शब्दही खोटा न बोलता फसवले, कारण तो मुळी बोललाच नाही. मोटार मी निवडली, सौदा मी केला, हे मला मान्य आहे. पण ती मोटार मागून वाकडी आहे हे त्या दिवशी त्या अंगणात दोघांना ठाऊक होते, विकणाऱ्याला आणि आप्पाला. विकणाऱ्याने लपवले, तो त्याचा धंदा झाला. आप्पाला मी माझ्या बाजूने नेले होते.

परभणीत स्टेशनच्या रस्त्यावर एका लिंबाखाली त्याची पत्र्याची शेड होती. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि अंगात तेलाने इतकी काळी झालेली बंडी की तिचा मूळ रंग त्याच्या बायकोलाही सांगता आला नसता. पूजा झाल्याशिवाय तो भट्टी पेटवत नसे आणि भट्टी पेटल्यावर कोणाशी बोलत नसे. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणत असे. कागदावर तेवढी भीड कशाला ठेवू?

गाडी आली की मालक मोठ्या दिमाखात पुढचे झाकण उघडी आणि आप्पा नेमका उलट्या दिशेला चालू लागे. गाडीच्या मागे वीस पावले जाऊन तो उकिडवा बसे, डावा डोळा मिटे आणि नुसता पाहत राही. मालक पुढे उभा राहून घसा कोरडा करी. एकदा कोणी चिडून म्हणाले, "आप्पा, इंजिन इकडं हाय." आप्पा म्हणाला, "तोंड काय बघायचं? तोंड समदेच धुऊन आनत्यात." लोक याला हुशारी म्हणत. मला तो उद्धटपणा वाटे, आणि अजून वाटतो.

त्याचे दुसरे पालुपद होते, "इचारलं तं सांगतो." विचारले तेवढेच सांगे, वर एक अक्षर नाही. ताडकळसचा एक सावकार भोंगा वाजत नाही म्हणून मोटार घेऊन आला. आप्पाने भोंगा नीट करून दिला. अर्ध्या वाटेत पाण्याची टाकी कोरडी पडून गाडी वाफ सोडत उभी राहिली. सावकार बैलगाडीत बसून परत आला तो आरडतच. आप्पा म्हणाला, "तुमी भोंग्याचं इचारलंत. भोंगा वाजायलाय का न्हाई?" त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. पुढे माझी पाळी येणार हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. सांगणार तरी कोण?

मी बैलांच्या बाजारातून वर आलेला माणूस. उपरण्याखाली बोटे धरून सौदा करायला मी मिसरूड फुटण्याआधी शिकलो. त्या धंद्यात विचारणे म्हणजे हरणे. विचारले की समोरच्याला कळते, याला काही ठाऊक नाही. मी कधी कोणाला काही विचारले नाही आणि त्यावरच चार पैसे कमावले. त्या बळावर सगळी जनावरे विकून मी मोटार घ्यायला निघालो. पिंगळीच्या स्टेशनावर उतरलेला माल जिंतूरकडे न्यायचा, सरकी आणि शेंगा घेऊन परत यायचे, असा माझा बेत होता. लढाईचे दिवस होते, निजाम सरकारच्या चिठ्ठीशिवाय टायर मिळत नसे, पण गाडी ज्याच्या दारात उभी त्याच्या दारात लोक रांग लावत.

मानवतकडे एका कापसाच्या व्यापाऱ्याची लॉरी विकायला होती. आप्पाला मी बरोबर घेतले आणि वाटेत बजावले, "आप्पा, तुमी फकस्त सोबतीला हायत. सौदा चालू असता तोंड उघडायचं न्हाई. मिस्त्री बोलला की भाव चढतो." त्याने मान हलवली. अंगणात मी इंजिनाचा आवाज ऐकला, पुढचे दिवे पाहिले, दारे आपटून पाहिली. आप्पा मागे जाऊन उकिडवा बसला होता. व्यापाऱ्याने उपरणे पसरले. मी त्याची बोटे अशी पिळली की तो दुसऱ्याच खेपेला नमला. इतक्या लवकर कोणी नमत नसतो, हे मला त्याच वेळी खटकायला हवे होते. पण जिंकलेल्या माणसाला काही खटकत नाही. परत येताना आप्पा माझ्या शेजारी बसला होता. साऱ्या वाटेने मी माझे कौतुक सांगितले आणि त्याने ते ऐकून घेतले.

महिन्याभरात मागचा डावा टायर आतल्या अंगाने गुळगुळीत झाला. बाहेरून नवा, आतून टक्कल. मी टायरवाल्याशी भांडलो. दुसरा घातला, तोही तसाच गेला. ड्रायव्हर वळणे आवळून घेतो म्हणून त्याला हाकलले. मग चारठाण्याच्या अलीकडे मागच्या चाकाचा आतला धुरा मोडला आणि गाडी मालासकट दोन दिवस उन्हात उभी राहिली. माझ्याजवळ टायरांची एकच जोडी उरली होती. तीही अशीच गेली असती तर लढाई संपेपर्यंत गाडी दारात उभी, आणि मी परत बैलांच्या बाजारात, ज्यांना मी वर्षानुवर्षे हसलो त्यांच्यामध्ये. मोडकी गाडी बैल लावून लिंबाखाली आणली आणि शेवटी मी ते शब्द उच्चारले. "आप्पा, हिला काय झालंय?"

"आता इचारलंत," आप्पा म्हणाला आणि उठला.

मागची डावी बाजू त्याने जॅकवर उचलली. चाकाच्या बाहेरून गवंड्याचा ओळंबा सोडला. दोरी चाकाला खाली टेकली आणि वरच्या बाजूला दोन बोटांची फट राहिली. म्हणजे चाक वरून आत कलले होते. मी म्हणालो, चाकच वाकडे आहे, बदलून टाकू. आप्पाने चाक अर्धे फिरवले. फट होती तिथेच, तेवढीच. पुन्हा पाव फिरवले, तरी तेवढीच. "चाक वाकडं असतं तं फट चाकासंगं फिरली असती," तो म्हणाला. "ही जागची हलत न्हाई. धुरा ज्यात फिरतो तो नळाच वाकलाय. लय वझं घालून गाडी कुटंतरी वढ्यात घातल्याली हाय."

मी विचारले, "घेतली तवा दिसलं होतं तुमाला?"

"दिसलं होतं. बैल मागचा पाय फाकून हुबा ऱ्हावा तशी हुबी होती."

बैलाचे नाव काढून त्याने मला मारले. असा पाय फाकलेला बैल कोणी फुकट दिला तरी मी दावणीला बांधला नसता. "मग बोललात कामून न्हाई?"

"तुमीच म्हनलात, तोंड उघडू नका."

"परत येताना तं सौदा झाल्ता. तवा?"

आप्पाने माझ्याकडे पाहिले. "मालक, तुमी बाजारातले. उपरनं उचललं की जनावर घेनाऱ्याचं. मग त्याला नाव ठेवत्यात का?"

ठेवत नाहीत. हा बाजाराचा कायदा मीच शंभर जणांना ऐकवला होता. तो असा माझ्याच अंगावर फेकल्याबद्दल मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने ते ऐकत ऐकत नळ्यातले तेल काढून घेतले.

नळा उतरवून त्याने रुळाच्या तुकड्यावर साखळदंडाने आवळला, वाकाखाली जॅक लावला, दोन्ही बाजूंना ओली पोती गुंडाळली आणि मधल्या तेवढ्याच जागी कोळसा पेटवला. नळा लाल झाल्यावर त्याने जॅक दाबला. सरळ आलेला मला दिसला, मी थांबा म्हणालो, तो थांबला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा पुढे नेला. "सोडला की मागं येतो," एवढेच म्हणाला. किती वेळ लागेल म्हणून विचारले तर म्हणाला, उद्या सकाळपर्यंत असाच राहील. पिंगळीला माझा माल पडून होता. मी पाण्याची बादली उचलली. तेवढ्यात आप्पाने माझे मनगट धरले.

"नगं, मालक. पानी घातलं तं तडकंल."

मी विचारले नव्हते. उभ्या जन्मात त्याने कोणी न विचारता काही सांगितल्याचे मला एवढे एकच ठाऊक आहे. मी बादली खाली ठेवली. त्याने सांगितले म्हणून नव्हे, बादली जड होती. सकाळी नळ्याला दोरा लावून पाहिला तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होता. त्या उरलेल्या टायरांवर मी लढाई संपेपर्यंत गाडी चालवली.

तेव्हापासून मी सगळे मागून पाहतो. बैल, घर, नातेवाईक. माझ्या धाकटीला सांगून आलेला पहिला मुलगा मी तो परत जाताना पाठमोरा पाहिला आणि नकार कळवला. घरचे म्हणतात, हे आप्पाचे खूळ. असेल.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी, गावोगाव धास्ती पसरली होती तेव्हा, आप्पा बायकोला घेऊन हद्दीपलीकडे सोलापूरकडे लेकीच्या गावी निघाला. परभणीच्या स्टेशनावर गर्दी होती, म्हणून मी त्यांना माझ्याच लॉरीतून पिंगळीला सोडले. बोचकी उतरवली. आगगाडीला वेळ होता. आप्पा चालत चालत लॉरीच्या मागे गेला. वीस पावले. तिथे उकिडवा बसला, डावा डोळा मिटला आणि पाहत राहिला. फार वेळ पाहत राहिला. मग आगगाडी आली तसा उठला, धोतर झटकले, लिंगाची डबी डोळ्यांना लावली आणि आगगाडीत जाऊन बसला.

मी विचारले नाही. म्हटले, विचारीन नंतर. नंतर तिकडून ना पत्र आले, ना माणूस. आता लॉरी मोडीत गेली, पण तोवर दर अमावास्येला मी तिला ओळंबा लावत होतो. फट कधी सापडली नाही. पण तो उगाच इतका वेळ बसणारा माणूस नव्हता.

त्याने काहीतरी पाहिले आणि ते बरोबर घेऊन गेला. माझ्या गाडीचे, माझ्या हक्काचे. दुसऱ्यांदा फसवले मला. याचा जबाब त्यानेच दिला पाहिजे, दुसऱ्या कोणाचा मला चालणार नाही. आप्पा, काय दिसलं तुमाला? आता मी इचारायलोय.