कुंडीतलं पाणी

रबर प्लांटची पानं ओल्या फडक्यानं पुसताना आज एक पान तुटलं. बोटांवर पांढरा चीक आला आणि शहाद्याच्या घरातली एक दुपार आठवली.

बैठकीतल्या कुंडीतून पाणी फरशीवर वाहत होतं. झाडाची पानं पिवळी पडून गळत होती. तरी माय पुन्हा तांब्या भरून आली.

"माय, कितला पानी टाकशी? मुळ्या सडी गयात!" मी ओरडले.

"आज तं मी पानी टाकेलच नही, पोरी."

मला ते खोटं वाटलं. मी तांब्या हिसकावला. ती घाबरून भिंतीला टेकली.

विसरण्याचा आजार डॉक्टरांनी पुढच्या वर्षी सांगितला. तोवर ती माझं नावही विसरली होती. पण मी जवळ गेले की हात पाठीमागे लपवायची.