फाडलेलं पत्र

मंडळी, आज इथे कॅनडात, एडमंटनच्या लायब्ररीत एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन मेयरची पत्रं स्कॅन करत होते. त्यात त्याची मुलगी गेल्याचं कळवणारं पत्र निघालं. घड्यांवर पार झिजलेलं, म्हणजे त्याने ते कितीदा तरी उघडलं असणार.

मी शेजारी काम करणाऱ्या लिंडाला म्हटलं, "आमच्यात असं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचलं की फाडायचं." आई गेल्याचं दादाचं पत्र मी मेलबॉक्सपाशीच फाडलं होतं आणि वर येऊन अंघोळ केली होती, तेही तिला सांगितलं.

"काय लिहिलं होतं त्यात?" लिंडाने विचारलं.

आईने जाताना माझ्यासाठी काहीतरी सांगितलं होतं. दादाने ते शब्द जसेच्या तसे लिहिले होते. मला ते आठवेनात. दादाही आता नाही.

इतक्या लांब येऊन मी तेवढी रीत मात्र पाळली. तुम्ही फाडलंत, की ठेवलंत?