गोत्र काश्यप, माहेर बार्न्सली

आपण कुठून आलो हे जाणून घेण्याची ओढ माणसाच्या रक्तातच असते, असं प्रत्येक कुलवृत्तांताच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. माझ्या रक्तात ती नव्हती. मला ती पोस्टानं आली, एका शनिवारी सकाळी, गॅसचं बिल आणि पिझ्झाची जाहिरात यांच्या मधोमध.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आम्हाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. पाकिटावर माझं नाव आणि पत्ता इंग्रजीत, शाळेत गिरवून आल्यासारख्या तिरप्या, सुबक अक्षरात. आत मात्र मराठी पत्र, डॉक्टरी हस्ताक्षरात. ‘आपले आडनाव टेलिफोन डिरेक्टरीत आढळले. माझेही तेच. आपण कोणत्या शाखेचे? मूळ गाव, कुलदैवत व गोत्र कळवावे. मजजवळ असलेली माहिती मी आपणांस देईन, आपल्याजवळची मला द्यावी.’

“उत्तर देऊ नकोस,” बायको म्हणाली. “पुढच्या पत्रात वर्गणी मागतील.”

मी उत्तर दिलं. त्यामागे कुळाचा अभिमान नव्हता. ‘मजजवळ’ हा शब्द मी कित्येक वर्षांत कुणाच्या हातचा वाचला नव्हता, आणि तो लिहिणारा माणूस बघावासा वाटला.

ते काका लंडनमध्ये वेम्बलीला राहत. साठच्या दशकात डॉक्टर होऊन आलेले, आता निवृत्त, एकटे. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत बुटांचे चौदा खोके रचलेले, आणि खोक्यांत बूट सोडून आमचं सगळं आडनाव भरलेलं होतं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. कुणाचा मुलगा, कुठे दत्तक गेला, कधी वारला. सगळ्या कार्डांवर तेच पाकिटावरचं तिरपं अक्षर.

“हे तुम्ही केलंत काका?”

“मी? मला माझ्या आतेभावांची नावं धड आठवत नाहीत. हे तिचं.”

‘ती’ म्हणजे काकू. यॉर्कशरमधल्या बार्न्सलीच्या, खाणकामगाराची मुलगी, हॉस्पिटलात नर्स. निवृत्त झाल्यावर आधी त्यांनी स्वतःचं घराणं शोधून काढलं. पाच पिढ्या कोळसा आणि त्यामागे मेंढ्या, एवढ्यावर तो विषय संपला. मग म्हणाल्या, आता तुझं घराणं काढ. काका आपल्या वडिलांची जुनी पत्रं आणि मोडीचं लिप्यंतर केलेले कागद वाचून दाखवायचे, त्या लिहून घ्यायच्या. शेवटी शेवटी त्यांना देवनागरीत आमचं आडनाव, ‘दत्तक’ आणि ‘निपुत्रिक’ एवढे शब्द वाचता येऊ लागले होते. आमचं घराणं समजायला तेवढे पुरतात. लायब्ररीत बसून टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या चाळून त्यांनी आमच्या आडनावाची चाळीसेक पाकिटं पत्ते घालून तयार ठेवली, आणि पत्र घालायच्या आत त्या आजारी पडल्या. ती पाकिटं काकांनी दोन वर्षांनी पोस्टात टाकली.

मग काकांनी आमच्या कुलवृत्तांताची जुनी आवृत्ती काढली. लाल कापडी बांधणी, आत वाळवीची भोकं. एका पानावर त्यांचं बोट बरोबर जाऊन थांबलं. त्यांच्या नावापुढे छापलं होतं : ‘विलायतेस गेले. पुढील माहिती नाही.’

“वडिलांना दर महिन्याला पत्र जायचं माझं,” काका म्हणाले. “लग्नाचा फोटो गेला होता. माहिती नाही म्हणे. पुढची सगळी माहिती होती, म्हणून तर छापली नाही.” पुस्तक मिटून म्हणाले, “आता नवी आवृत्ती निघते आहे. मला त्यात काही नको. तिचं नाव यायला पाहिजे.”

या गोष्टीत काकांना एवढंच हवं होतं.

चाळीस पाकिटांपैकी अकरा घरांतून उत्तरं आली. त्यातलं एक मिल्टन कीन्समधल्याच एका इंजिनीअरचं होतं, माझ्यापासून चार राउंडअबाउट म्हणजे चार गोल चौक पलीकडे राहणाऱ्या. मूळचा नागपूरचा. त्यानं लिहिलं होतं, ‘आदरणीय काकाजी, जय भीम. आडनाव एक असलं तरी आपण नातेवाईक नसावे. आमच्या घराण्याचा इतिहास माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तिथून सुरू होतो. त्याच्या मागचं तुमच्याकडच्या लोकांनी आमच्याबद्दल पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे, मी भर घालत नाही. मीटिंग असेल तर कळवा, मी मिल्टन कीन्समध्येच आहे आणि मला रस्ते माहीत आहेत.’ आलेल्या उत्तरांत हे एकच शुद्ध मराठीत होतं, असं काकांचं मत पडलं. त्यांनी ते फाइलमध्ये सर्वांत वर लावलं.

मीटिंग लवकरच झाली. नव्या आवृत्तीचे संपादक पुण्याहून मुलाकडे लंडनला येणार होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोकणात गावोगाव एसटीनं फिरून त्यांनी नावं गोळा केली होती. छपाईपूर्वीची शेवटची प्रत बरोबर आणणार होते. म्हणजे काकूंची नोंद व्हायची तर याच भेटीत. मी एका रविवारी कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला.

ज्यांना आपली मुळं सतराव्या शतकात सापडली होती त्यांना हॉल सापडेना. मिल्टन कीन्समध्ये एक राउंडअबाउट दुसऱ्यासारखंच दिसतं. नागपूरच्या इंजिनीअरनं कोपऱ्यात उभं राहून मोबाइलवरून एकेका घराण्याला हॉलपर्यंत आणलं. “सर, तुम्ही बरोबर होते, मग गोल काहून फिरून राहिले? तिसरी एक्झिट घ्या. तिसरी.” पाऊण तासात सगळं कुळ एकत्र आलं.

संपादकांनी भाषण केलं. आपला मूळपुरुष घोड्यावरून आला, असं त्यांनी सांगितलं. मूळपुरुष नेहमी घोड्यावरूनच येतो. कुठल्याही कुलवृत्तांतात तो चालत आल्याचं मी वाचलेलं नाही. मग प्रत्येक घरानं आणलेले कागद टेबलावर मांडले आणि देवाणघेवाण सुरू झाली. खरं सांगायचं तर हा भाग मला फार आवडला. रेडिंगच्या एका बाईंना खापरपणजोबांचं नाव मिळालं. लेस्टरच्या गृहस्थांना समजलं की आपले आजोबा दत्तक गेल्यामुळे आपण दोन शाखांत आहोत, आणि ते इतके खूश झाले की दोन वेळा जेवले. काकांचे चौदा खोके मात्र सगळ्यांत जास्त चाळले गेले.

“अपूर्व आहे हे!” संपादक म्हणाले. “डॉक्टर, आम्ही सात माणसं लावून एवढं केलं नाही. प्रस्तावनेत तुमचा खास उल्लेख करणार.”

इंजिनीअर एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात त्याला आलेलं पाकीट घेऊन उभा होता.

“काकाजी, पाकिटावरचं अक्षर अन् या कार्डांवरचं एकच आहे. पत्रातलं वेगळं. हे कोणी लिहिलं?”

“माझ्या बायकोनं.”

“मग त्या कुठे आहेत यात?” त्यानं भिंतीवर चिकटवलेल्या वंशावळीकडे बोट दाखवलं. सहा फूट लांब कागद. त्यावर एकही बाई नव्हती. इतका वेळ ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मूळपुरुषापासून लेस्टरपर्यंत सगळे पुरुष पुरुषांनाच झालेले.

“बायका आत असतात,” संपादक घाईनं म्हणाले. “म्हणजे, पुस्तकात. नवऱ्याच्या नोंदीखाली.”

काकांनी खिशातून चार घड्या केलेला फॉर्म काढला. तो त्यांनी पुण्याला दोनदा पाठवला होता आणि दोनदा परत आला होता. शेरा एकच : ‘पत्नीचे माहेरचे गोत्र व सासरचे नाव नमूद नाही. अपूर्ण.’

संपादकांनी चष्मा लावला. माणूस वाईट नव्हता. गुडघे धरून खुर्चीत बसले आणि खरोखरच कानकोंडे झाले. “डॉक्टर, माझा विरोध नाही हो. पण तक्ताच तसा आहे. रकाना रिकामा राहिला की समितीतला एखादा उठतो आणि सगळा फॉर्म बाजूला ठेवतो. मी एकटा काय करू?”

“तिला गोत्र नव्हतं,” काका म्हणाले. “मेथॉडिस्ट ख्रिश्चन होती.”

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. माझी बायको तेव्हा मसालेभाताच्या पातेल्याशी होती. मीटिंग म्हणजे शुद्ध वेळ घालवणं, असं तिचं सकाळपासूनचं मत होतं. डाव हातात घेऊनच ती बोलली.

“अहो, गोत्र माहीत नसलं तर काश्यप लावतात ना? माझ्या मावसभावाला स्वतःचं गोत्र ठाऊक नव्हतं. बोहल्यावर भटजींनी विचारलं, हा गप्प. भटजी म्हणाले, काश्यप, आणि पुढे गेले. लग्न टिकलंय अजून.”

संपादकांचा चेहरा एकदम उजळला. नियमाचा त्रास होणाऱ्या माणसाला नियमानंच सोडवावं लागतं. “शास्त्राधार आहे याला! अज्ञात गोत्र ते काश्यप. बरोबर. थांबा, आपलं काश्यप नाही ना?” त्यांनी क्षणभर डोळे मिटले. “नाही. आपलं वासिष्ठ. म्हणजे सगोत्र विवाहाचाही प्रश्न नाही.” त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि बायको हयात नव्हती, तरी एक संकट टळलं होतं.

“आता सासरचं नाव,” ते म्हणाले. “तुम्ही काय ठेवलं होतं?”

“काही नाही. तिचं होतं तेच चांगलं होतं.”

“तेच ठेवायला हरकत नाही. पण ठेवायला हवं. म्हणजे, विधिपूर्वक.”

“काका, ताटात तांदूळ घेऊन अंगठीनं लिहायचं असतं,” बायको म्हणाली. “तांदूळ आहेत, फक्त शिजलेत.” आणि तिनं कागदी ताटलीत मसालेभात वाढून, डावानं सपाट करून त्यांच्यापुढे ठेवला.

मला वाटलं काका रागावतील. आयुष्यभर त्यांनी सत्यनारायणालासुद्धा थारा दिलेला नव्हता. त्यांनी बोटातली लग्नाची अंगठी काढायचा प्रयत्न केला. ती सांध्यावर अडली. मग प्लास्टिकचा चमचा उलटा धरून त्यांनी मसालेभातात इंग्रजीत काकूंचं नाव लिहिलं. तिसऱ्या अक्षरात काजू आडवा आला, तो त्यांनी चमच्यानं बाजूला केला. सगळे बघत होते. लेस्टरचे गृहस्थही जेवायचे थांबले होते.

“झालं?” काकांनी विचारलं.

“झालं,” संपादक म्हणाले आणि नव्या कोऱ्या फॉर्मवर दोन्ही रकान्यांत तेच नाव घातलं. माहेरचे, सासरचे.

“काकाजी, अभिनंदन,” इंजिनीअर म्हणाला. “पण आता ते खाऊन टाका, गार होऊन राहिलं.”

काकांनी ते खाल्लं. हळूहळू, कडेकडेनं, नाव शेवटपर्यंत ठेवून. मग तेही.

उरलेला फॉर्म मी भरला, कारण काकांचं अक्षर संपादकांना लागेना. ‘हयात / मयत’ असा एक रकाना होता. काकूंच्या नावासमोर येईल अशा बेतानं मी ‘मयत’वर खूण केली. काकांनी फॉर्म दोनदा वाचला आणि सही केली. वेम्बलीच्या गाडीत बसवताना मला म्हणाले, “तिला हे सगळं फार हास्यास्पद वाटलं असतं.” मग म्हणाले, “पण कार्ड केलं असतं तिनं.”

पुस्तक पुढच्या ऑक्टोबरात आलं. दोन खंड, सोनेरी अक्षरं, प्रस्तावनेची पहिली ओळ रक्तातल्या ओढीबद्दल. मी माझी प्रत घेऊन वेम्बलीला गेलो. काकांची प्रत टेबलावर उघडीच होती. पान मला सापडलं. काकांच्या नावाखाली काकूंचं नाव, एकदा माहेरचं म्हणून, एकदा सासरचं म्हणून. गोत्र काश्यप. माहेर बार्न्सली. वंशावळ व टिपणे यांचे संकलन यांनी केले, असंही एक वाक्य होतं. ते फॉर्ममध्ये नव्हतं. संपादकांनी समितीला न विचारता आपणहून घातलं असणार.

वरची ओळ मी मग वाचली. काकांच्या नावामागे ‘कै.’ लागलं होतं.

चूक माझी होती आणि तक्त्याचीही. हयात की मयत हा प्रश्न तक्ता फक्त पुरुषाबद्दल विचारत होता. बाईच्या मरणाला त्यात जागाच नव्हती, त्यामुळे ते नवऱ्याला लागलं. मी ओशाळून म्हणालो, “काका, आजच फोन करतो. शुद्धिपत्र काढतात ते.”

“कशाला?”

“अहो, तुम्हाला मारलंय त्यांनी.”

“आणि तिला जिवंत ठेवलंय,” काका म्हणाले. “राहू दे. शुद्धिपत्रात समिती पुन्हा सगळं तपासत बसेल, आणि कुणाला तरी काश्यप खटकेल.”

मी शुद्धिपत्रासाठी फोन केला नाही. काकांनी चहा केला, पुस्तक काकूंच्या खोक्यांवर ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून मला विचारलं की मंगळवारी सकाळी मोकळा आहेस का, डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत सोडशील का.

मंगळवारी कैलासवासी काकांनी फ्लूची लस टोचून घेतली.